हद्दीबाहेरचे शहर

अमरावतीच्या जुन्या वस्तीभोवतीचा परकोट 1807 च्या सुमारास निजामाच्या राजवटीत उभा राहिला. पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांच्या पेढ्या वाचाव्यात, हा त्याचा हेतू. शहर मात्र त्या भिंतीत फार काळ मावले नाही. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या रुईला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे अकोला, बडनेरा करत 1867 मध्ये नागपूरला पोचली. मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी येऊन स्थिरावले, जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली आणि हंगामापुरता आलेला मजूर हळूहळू शहरातच राहू लागला. अमरावती-अकोल्यासारख्या शहरांनी माणसे ओढली ती कामाच्या जोरावर.

आजची वाढ वेगळ्या कारणाने होते आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा हे त्यातले मोठे कारण. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत विहीर खणली तरी पाणी खारट लागते. ते पिण्याच्या उपयोगाचे नाही आणि ओलिताच्याही नाही. मग शेती पावसाच्या भरवशावर, आणि सोयाबीन-कापूस हाती लागला नाही की वर्षच गेले. अशा घरातला थोरला शेत सांभाळतो आणि धाकटा अकोल्यात किंवा अमरावतीत खोली करतो. शेत विकून आलेले कुटुंब थोडे, शेत ठेवून अर्धे आलेले फार. या अर्ध्या स्थलांतराची नोंद कोणत्याच कागदावर नीट होत नाही.

मेळघाटची गोष्ट आणखी निराळी. दिवाळी झाली की कोरकू आदिवासी मजूर हरभऱ्याच्या सोंगणीला, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघतात आणि होळीला गावी परततात. 2011 च्या जनगणनेची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. म्हणजे ते गावाबाहेर असतात तेच दिवस. शहराचे रस्ते आणि इमारती ज्यांच्या हातांनी होतात, त्यांच्यासाठी शहराच्या आराखड्यात एक साधा निवाराही नसतो, ही नगररचनेच्या व्यवसायाला बोचायला हवी अशी गोष्ट आहे.

मोजलेले आकडेही जपूनच वाचावे लागतात. 1991 ते 2001 या दशकात अमरावती 4,21,576 वरून 5,49,510 वर गेली आणि 2011 मध्ये 6,47,057 झाली. अकोला मात्र 2001 च्या 4,00,520 वरून दहा वर्षांत केवळ 4,25,817 वर पोचले. वाढ जेमतेम सहा टक्के, तीही राज्याची लोकसंख्या सोळा टक्के वाढत असताना. अकोला थांबले असे यावरून वाटते, पण ते महापालिकेची हद्द ओलांडून पुढे गेले होते. अकोल्यालगतची मलकापूर आणि उमरी ही गावे 2011 च्या जनगणनेत शहरी गणली गेली. कर ग्रामपंचायतीचा, जगणे शहराचे. 2016 च्या हद्दवाढीत भोवतालची गावे महापालिकेत आली, तोवर लेआउट पाडून, प्लॉट विकून, घरे बांधून झाली होती.

अशा लेआउटमध्ये पहिल्या पावसात काय होते ते एकदा पाहावे. काळी माती चाकाला धरते, चाक फिरायचे थांबते. माणसे गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला लावतात, चपला हातात घेतात आणि घर गाठतात. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि हलक्या पायाच्या घरांच्या भिंतींना तडे जातात. काटेपूर्णा धरणाची पाइपलाइन येईपर्यंत टँकर. गुंठेवारीचे भूखंड नियमित करण्याचा कायदा 2001 चा आहे, पण नियमित झालेल्या प्लॉटला नाली आपोआप मिळत नाही.

शहरांच्या अर्थकारणाचा कणाही बदलला आहे. अकोल्यात डाळ मिल आणि कृषी विद्यापीठ (1969), अमरावतीत विद्यापीठ (1983) आणि विभागीय कचेऱ्या. खेड्यातली मुले रूम करून, मेस लावून, अभ्यासिकेत दिवस काढून शिकतात. त्यावर घरभाडे, किराणा, झेरॉक्स असा मोठा व्यवहार चालतो. पदवी हातात आली की त्यांतली बरीच रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जातात. शहराने घडवलेला माणूस शहराला मिळत नाही.

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या वस्त्रोद्योगामुळे हे थोडे पालटू शकेल. तिथल्या सुमारे 1,000 एकरांवरच्या पीएम मित्र पार्कचे भूमिपूजन सप्टेंबर 2024 मध्ये झाले. कामगारांच्या घरांची जागा आज राखली नाही, तर अकोल्याच्या काठावर घडले तेच तिथल्या गावांत घडेल.

2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे हाती असलेले आकडे जुने आहेत. पण वीजमीटरच्या जोडण्या, नळांचे अर्ज आणि जूनमध्ये शाळेत जमा होणारे शाळा सोडल्याचे दाखले, म्हणजे टीसी, दरवर्षी मिळतात. मूल कोणत्या गावच्या शाळेतून आले, हे त्या टीसीवर स्पष्ट लिहिलेले असते. वॉर्डनिहाय तेवढे गोळा केले, तरी कोणत्या तालुक्याचा माणूस शहराच्या कोणत्या टोकाला उतरतो आहे, याचा नकाशा एका उन्हाळ्यात तयार होतो.