उसन्या नावाची मंडळी

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक लहानशी परिषद भरली. वडीलपणाच्या नात्याने तिचे अध्यक्षपद आमच्याकडे आले, आणि अध्यक्षाच्या नशिबी जे असते तेच आमच्याही वाट्याला आले; म्हणजे सर्वांचे ऐकून घ्यावयाचे आणि शेवटी पत्र आपण लिहावयाचे. विषय होता आमचा भाचा. हा मुलगा इंग्लंडात चांगल्या नोकरीवर होता. तेथे कायम राहण्याचा परवानाही त्याला मिळालेला आहे. त्याने चैत्रात आईला कळविले की, नोकरी सोडली असून यापुढे एका वादक मंडळीबरोबर गावोगाव फिरावयाचे ठरविले आहे. एवढ्याने आमची बहीण कदाचित सावरलीही असती. परंतु ही मंडळी स्वतःची गाणी वाजवीतच नाही. पिंक फ्लॉइड नावाच्या दुसऱ्या एका जगप्रसिद्ध मंडळीची गाणी ती सुरासूर तशीच वाजविते, हे कळल्यावर मेहुण्यांचा संयम सुटला. "नक्कल करण्यासाठी कोणी नोकरी सोडतो काय?" हा त्यांचा प्रश्न. तो अगदीच टाकाऊ आहे असे त्या वेळी आम्हांसही म्हणवले नाही.

आमच्या तरुण वाचकांस हा प्रकार ठाऊक असेल. वडीलधाऱ्यांसाठी थोडा खुलासा करतो. अशा मंडळ्यांना तिकडे ट्रिब्यूट बँड म्हणतात. ट्रिब्यूट म्हणजे मानवंदना. ("मानवंदना देणाऱ्याने तिकीट लावू नये," ही मेहुण्यांची पुस्ती.) यात चोरी नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये नाट्यगृहे गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून परवाना घेतात, त्याची फी भरतात आणि तीतून मूळ रचनाकारांना त्यांचा वाटा पोहोचतो.

अशा मंडळ्यांत जुनी आणि नामांकित म्हणजे बूटलेग बीटल्स. बीटल्सवर रचलेल्या एका संगीत नाटकाचे लंडनमधील प्रयोग संपले, तेव्हा त्यातील नटवादकांनी १९८० साली ती उभारली. खुद्द बीटल्स ही मंडळी १९६० ते १९७० अशी दहाच वर्षे नांदली; तिची नक्कल चाळिशी ओलांडून गेली. यातील एक गंमत आम्हांस फार चिंतनीय वाटते. बीटल्सनी २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे तिकीट लावून शेवटचा जलसा केला. त्यांची अतिशय वाखाणली गेलेली 'सार्जंट पेपर' ही तबकडी निघाली १९६७ साली. म्हणजे तीतील गाणी ऐन उमेदीच्या बीटल्सकडून रंगमंचावर कोणी ऐकलीच नाहीत. ती ऐकविली ती नकलाकारांनी! मुळाने जे दिले नाही ते प्रतिबिंबाने द्यावे, याला नुसती नक्कल म्हणावे काय, हा प्रश्न आम्ही परिषदेपुढे ठेवला. कोणी उत्तर दिले नाही. चहा आला होता.

ऑस्ट्रेलियात अशा दोन मोठ्या मंडळ्या एकाच वर्षी, १९८८ साली निघाल्या, आणि त्याचे कारण भूगोलात असावे असा आमचा तर्क आहे. स्वीडनची ॲबा ही मंडळी त्या खंडात दौऱ्यावर आली ती एकदाच, १९७७ मध्ये. पिंक फ्लॉइड १९७१ साली येऊन गेले ते थेट १९८८ मध्ये परतले. भूक मोठी आणि पंगत सतरा वर्षांनी! तेव्हा मेलबर्नमध्ये ॲबाची नक्कल करणारी 'बियॉर्न अगेन' मंडळी निघाली. ॲबातील एका गृहस्थाचे नाव आणि इंग्रजीतील 'पुनर्जन्म पावलेला' हा शब्दप्रयोग यांवरील ही कोटी आहे. ॲडलेडमध्ये निघाली 'ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड'. या दुसऱ्या मंडळीला पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिल्मर यांनी १९९६ साली आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या समारंभात वाजविण्यास बोलाविले. मूळ पुरुषाने नकलाकारास घरच्या कार्याला पाचारण करावे, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते, असे आम्ही विचारले. मेहुणे क्षणभर थांबले, मग म्हणाले, "लग्नात बँडवाले आपणही बोलावतो."

भाच्याची पत्रे (आता ती टंकलिखित, फोनवर येतात, आमची सून ती मोठ्या अक्षरांत छापून देते) आम्ही या निमित्ताने पुन्हा वाचली. त्याने बीटल्सची नक्कल का धरली नाही, याचे त्याने दिलेले कारण मोठे मार्मिक आहे. बीटल्सच्या मंडळीत चेहरा लागतो, केसांचा टोप लागतो. पॉल मॅकार्टनी डावखुरे, म्हणून त्यांची भूमिका करणाऱ्या काही उजव्या हाताच्या वादकांनी डाव्या हाताने गिटार शिकण्याचे कष्ट घेतले आहेत. तेथे सांगलीचा सावळा मुलगा कोठे खपणार? पिंक फ्लॉइडचे तसे नाही. त्यांच्या प्रयोगात दिव्यांचे झोत, धूर आणि पाठीमागे मोठा गोल पडदा, माणसे अंधारात. त्या अंधारात आमचा भाचा रिचर्ड राइट यांच्या जागी बसतो. राइट हे त्यांचे ऑर्गन-पियानोवादक, २००८ साली वारले. त्यांच्या एकेका वाद्याचा नाद आजच्या एकाच यंत्रातून जसाच्या तसा काढण्यासाठी याने रात्रीच्या रात्री घालविल्या आहेत. एका सुराच्या कंपासाठी तीन आठवडे लागले असे तो लिहितो, आणि त्या वाक्यात तक्रारीचा लवलेशही नाही.

प्रवासाविषयी मात्र त्याने काही लपविलेले नाही. सहा वादक, दोन गायिका, ध्वनी पाहणारा एक, दिवे पाहणारा एक. सर्वांना मिळून दोन व्हॅन. सकाळी निघावे, तीन-चार तास रस्ता तुडवून दुपारी एखाद्या लहान शहराच्या नाट्यगृहाच्या मागील दारी उतरावे. सामान स्वतः वाहावयाचे. चारच्या सुमारास आवाजाची जुळवणी. मग साडेसातपर्यंत काहीच नाही. हे 'काहीच नाही' सर्वांत कठीण, असे तो म्हणतो. अनोळखी गावातील बंद होत आलेल्या बाजारपेठेतून एकट्याने हिंडावे, की खिडकी नसलेल्या खोलीत फोन पाहत बसावे, एवढीच निवड. प्रयोग दोन भागांत, मध्ये वीस मिनिटे विश्रांती. अकरा वाजता पुन्हा सामान भरावयाचे आणि मध्यरात्रीनंतर हमरस्त्यावरील पेट्रोलपंपावर थंड सँडविच खावयाचे. उत्पन्नातून व्हॅनचे भाडे, इंधन व मुक्कामाचा खर्च वजा जाता जे उरते ते दहा वाट्यांत विभागले जाते. वाटा किती, हे त्याने लिहिलेले नाही. आमच्या बहिणीने तेवढ्यावरूनच ओळखले.

पण आमच्या मनाला लागली ती गोष्ट निराळी. कोणत्याशा गावी प्रयोग रंगला असता याने एका ठिकाणी, आठ मात्रांपुरतीच, आपल्या मनची एक हरकत घेतली. लहानपणी पेटीवर बसलेली भैरवीची काही वळणे बोटांत होती, ती आपोआप उतरली, म्हणतो. प्रयोगानंतर एक वृद्ध गृहस्थ दाराशी थांबले होते. त्यांनी याचा हात हातात घेऊन फार सुंदर झाले म्हणून सांगितले, आणि मग अत्यंत सौजन्याने म्हणाले, "पण ते तसे नाही." त्यांनी ती तबकडी १९७३ साली, तरुणपणी, आपल्या दिवंगत पत्नीबरोबर प्रथम ऐकली होती. त्यांना तो सूर जेथे होता तेथेच हवा होता. भाचा लिहितो, "मामा, त्यांचे चुकले असे मला म्हणता येईना. त्या रात्रीपासून मी एकही सूर इकडचा तिकडे केलेला नाही."

हे वाचून आम्ही बराच वेळ कागद हातात धरून बसलो. आपल्याकडील गाण्यात शिष्य आधी गुरूचे हुबेहूब उचलतो, त्यात कोणी कमीपणा मानीत नाही. पण तो तेथेच राहिला तर गुरूलाच लाज वाटते. बालगंधर्वांच्या वेळी 'वन्स मोअर'चा घोष होई, तो तीच जागा पुन्हा ऐकण्यासाठी नव्हे. या खेपेस ते काय नवे घेतात यासाठी रसिक कान टवकारीत. त्यामुळे बालगंधर्वांची खरी नक्कल करावयाची तर रोज नवे गाणेच भाग. श्री. आनंद भाटे यांना बालपणीच बालगंधर्वांची पदे गाण्यावरून 'आनंद गंधर्व' म्हणू लागले, पुढे ते पंडित भीमसेन जोशी यांच्याजवळ शिकले, आणि २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात त्यांनी तीच पदे गाइली, तेव्हा ती उसनी वाटली नाहीत.

तिकडेही याला तोड सापडलेली आहे. अमेरिकेत शिकागो येथे १९९७ साली डार्क स्टार ऑर्केस्ट्रा नावाची मंडळी निघाली. ही ग्रेटफुल डेड या जुन्या मंडळीच्या एखाद्या विशिष्ट रात्रीचा कार्यक्रम निवडते, त्या रात्री जी गाणी ज्या क्रमाने झाली त्याच क्रमाने ती वाजविते, आणि तो जलसा कोठल्या गावी, कोणत्या तारखेस झाला होता हे अखेरीस श्रोत्यांना सांगते. पण मूळ मंडळीच उत्स्फूर्त वादनासाठी प्रसिद्ध असल्यामुळे गाण्यांच्या आत वादक मोकळे असतात. सांगाडा उसना, श्वास स्वतःचा. तिच्या एका संस्थापक गिटारवादकाला २००९ साली ग्रेटफुल डेडच्या दोघा मूळ वादकांनी आपल्या नव्या मंडळीत घेतले. हे आम्ही भाच्यास कळविणार होतो. पण त्याला ते आमच्या आधीपासून ठाऊक असणार.

परिषदेत आमच्या धाकट्या पुतणीने त्याची बाजू मोठ्या हिरिरीने मांडली. तिने टिम ओवेन्स यांचे उदाहरण दिले. अमेरिकेतील ॲक्रन गावचा हा तरुण ज्युडास प्रीस्ट या इंग्रज मंडळीची गाणी नक्कल करून गात असे. १९९६ साली त्याच मंडळीने त्याला आपला मुख्य गायक नेमले. तसेच मनिलाचे आर्नेल पिनेडा. तेरा वर्षांचे असता आई गेली, काही काळ रस्त्यावर काढला, पुढे दुसऱ्यांची गाणी गाऊन पोट भरले. २००७ साली जर्नी या अमेरिकन मंडळीच्या प्रमुखाने त्यांचे गाणे इंटरनेटवर ऐकून बोलावणे पाठविले, तेव्हा कोणी थट्टा करीत आहे असेच त्यांना प्रथम वाटले. पुतणीचे डोळे चमकत होते. पण ओवेन्स यांच्या कथेचा उत्तरार्ध तिने गाळला, तो आम्हांस सांगावा लागला: २००३ साली मूळ गायक परतले आणि ओवेन्स यांना जागा रिकामी करावी लागली. सात वर्षांत दोन तबकड्या त्यांच्या आवाजात निघाल्या हे खरे. तरी गादीवर बसविलेला दत्तक औरस वारस येताच उठविला जावा, हे आमच्या घराण्यांतील जुन्या दाव्यांसारखेच झाले.

मेहुण्यांनी मग शेवटचा बाण काढला. लंडनमध्ये मे २०२२ मध्ये ॲबा मंडळीचा नवा प्रयोग सुरू झाला. त्यात ती चौघे स्वतः रंगमंचावर येत नाहीत. त्यांच्या तरुणपणीच्या यंत्रनिर्मित प्रतिमा गातात-नाचतात, आणि त्यासाठी स्वतंत्र नाट्यगृह बांधले गेले. "मूळ धनीच आपली नक्कल यंत्राकडून करवून घेऊ लागले, मग तुमच्या भाच्याला कोण बोलावणार?" आम्ही एवढेच निदर्शनास आणले की, त्या प्रतिमांच्या बाजूस दहा जिवंत वादक बसवावेच लागले आहेत. परंतु मुद्दा बिनतोड नसला तरी पोकळही नव्हता.

येथे एक गोष्ट वाचकांपासून लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. भाचा सुट्टीत आजोळी येऊन ज्या पेटीवर शिकला, ती आमच्या एका चुलत आजोबांची. ते ऐन विशीत घर सोडून एका फिरत्या नाटक मंडळीत पेटी वाजवावयास गेले. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून बिऱ्हाड हलवीत, धर्मशाळेत झोपत, दुसऱ्यांच्या चाली दुसऱ्यांच्या गळ्यामागे वाजवीत त्यांनी वीस वर्षे काढली. आमच्या घरात त्यांचे नाव मोठ्याने घेत नसत. श्राद्धपक्षात सुद्धा ते शेवटी, घाईने उच्चारले जाई. मंडळी मोडल्यावर ते ही पेटी घेऊन परत आले, ओटीवरच्या खोलीत राहिले, आणि त्यांनी काही स्वतःच्या चाली बांधल्या होत्या असे आमची आजी सांगे. त्यातील एकही आज कोणाला येत नाही. कोणी बसून ऐकलीच नाही.

परिषद संपली तेव्हा मेहुण्यांचा राग उतरलेला नव्हता, पण त्यांनी नोकरीवर परत जा असे लिहिण्याचा आग्रह सोडला. आम्ही पत्र लिहिले. त्या वृद्ध गृहस्थांना त्यांचा सूर जागच्या जागी देत राहणे हे काम हलके नाही, ते मन लावून कर, असे लिहिले. मात्र दुपारी चार ते साडेसात हा जो वेळ तुला खावयास उठतो, त्यात फोन पाहत बसू नकोस. ती आठ मात्रांची भैरवी जेथे तुटली तेथून पुढे कोठे जाते ते पाहा, आणि जे होईल ते आम्हांस पाठव. कच्चे असले तरी चालेल. येथे सर्वजण बसून ऐकू, मेहुण्यांनाही बसवू.

खाली आमच्या बहिणीने स्वतःच्या हाताने दोन ओळी घातल्या. पहिलीत मेतकूट आणि भाजणीचा डबा कोणाबरोबर येत आहे ते होते. दुसरीत, व्हॅन चालविणारा मध्यरात्री झोपेला येत असेल तर त्याच्या शेजारी बसून बोलत राहावे, असे.