लिमिट बँकेची, टक्केवारी ग्राहकाची

‘सिबिल खराब झालं’ हे वाक्य नांदेड-लातूर भागात आजवर मुख्यतः पीककर्जाच्या बोलण्यात यायचे. थकलेले खाते, कर्जमाफीची वाट, आणि पुढच्या खरिपाला बँकेच्या दारातून परत यावे लागणे, असा तो सगळा अनुभव. मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना बँकांना बजावावे लागले, की पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका. पण याच काळात सिबिलचा दुसरा एक दरवाजा उघडला आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष नाही. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले. त्यामुळे पूर्वी मुख्यतः मोठ्या शहरांतल्या दुकानांपुरते असलेले क्रेडिट कार्ड आता नांदेडच्या नव्या मोंढ्यातल्या किराणा दुकानाच्या क्यूआर कोडवरही चालते. ज्यांच्याकडे पहिल्यांदाच कार्ड आले, त्यांतल्या अनेकांची लिमिट पंधरा, वीस, पंचवीस हजारांची असते. एक रुपया न थकवताही क्रेडिट रिपोर्टवर ओझे पडते ते या छोट्या लिमिटमुळे.

क्रेडिट रिपोर्टमध्ये कार्डापुढे दोन महत्त्वाचे आकडे असतात. एक लिमिट आणि दुसरा त्या तारखेची बाकी. बाकीला लिमिटने भागले की वापराची टक्केवारी निघते. ती तीस टक्क्यांच्या आत ठेवावी, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. तीसचा आकडा कोणत्या कायद्यात नाही, आणि या रिपोर्टवरून गुण (स्कोअर) काढण्याचे पूर्ण सूत्र सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्या जाहीर करत नाहीत. पण वापर जास्त दिसला तर गुण खाली येतात, एवढे त्या स्वतःच सांगतात. आता लातूरच्या ट्यूशन एरियात मुलीला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी ठेवणाऱ्या एका कुटुंबाचा जून महिना समजा. खोलीचे भाडे, मेसची आगाऊ रक्कम, पुस्तके असे मिळून 18 हजार रुपये कार्डावर गेले. लिमिट 25 हजार असेल तर वापर 72 टक्के. हाच खर्च दीड लाखाच्या लिमिटवर झाला असता तर तो 12 टक्के भरला असता. खर्च तोच, घर तेच, आणि शेवटच्या तारखेआधी पूर्ण बिल भरण्याची शिस्तही तीच. तरीही एक रिपोर्ट निवांत दिसतो आणि दुसरा उसनवारीवर जगणाऱ्या माणसाचा वाटतो.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बिल वेळेवर आणि पूर्ण भरले म्हणजे रिपोर्टमध्ये बाकी शून्य दिसेल, असा समज असतो. प्रत्यक्षात बँक ज्या दिवशीची माहिती पाठवते, त्या दिवशीची बाकी तिथे उमटते. 1 जानेवारी 2025 पासून ही माहिती दर पंधरा दिवसांनी किंवा त्याहून लवकर पाठवणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले. बिल 5 तारखेला निघाले, तुम्ही 24 ला भरले आणि मधल्या 15 तारखेची माहिती गेली, तर 72 टक्के वापर नोंदला जाणारच.

माझा मुद्दा असा की ही टक्केवारी ग्राहकाची वागणूक जितकी सांगते, तितकाच बँकेचा त्याच्यावरचा विश्वासही सांगते. भागाकारातला वरचा आकडा ग्राहकाच्या हातात आहे, खालचा मात्र बँकेच्या. बँकेने उद्या कोणाची लिमिट 50 हजारांवरून 25 हजारांवर आणली, तर त्याने एक पैसाही जास्त न खर्चता वापर दुप्पट दिसू लागतो. मुदत ठेवीवर मिळणाऱ्या कार्डाकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. तिथे 20 हजारांची ठेव बँकेकडे तारण असते आणि लिमिट सहसा त्याहून थोडी कमी. बँकेची जोखीम जवळपास नाहीच. तरी रिपोर्टमध्ये लिमिट आणि बाकी तशीच शेजारी-शेजारी लागते. मराठवाड्यात अशी छोटी लिमिट का मिळते, हे वेगळे सांगायला नको. पगाराची स्लिप नाही, सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास एकदम येतात, मेस किंवा आडतीवरच्या कामाची कमाई रोखीत होते, आयकर विवरण भरलेले नसते किंवा त्यातला आकडा लहान असतो. म्हणजे कमाईचा कागद नाही म्हणून लिमिट कमी, आणि लिमिट कमी म्हणून रिपोर्ट कच्चा. एकाच उणिवेची किंमत माणूस दोनदा मोजतो.

ती किंमत किरकोळ नसते. अनेक बँका गृहकर्जाचा व्याजदर सिबिलच्या गुणांवर ठरवतात. 25 लाखांचे 20 वर्षांचे कर्ज साडेआठऐवजी नऊ टक्क्यांनी घ्यावे लागले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 800 रुपयांनी वाढतो. दर तोच राहिला असे धरले तर एकूण फरक 1 लाख 90 हजारांच्या पुढे जातो. अर्धा टक्का फक्त कार्डामुळेच वाढेल असे नाही. पण गुणांच्या दोन पायऱ्यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला एवढा धक्का पुरतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की लिमिट कमी असणेच बरे, माणूस कर्जात बुडत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. कार्डाची बाकी पुढे ढकलली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, वर्षाला चाळीसच्या घरात. नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी कार्डावरच्या उधारीचा जोखीमभार (त्या उधारीपोटी किती भांडवल राखायचे ते ठरवणारे प्रमाण) 125 वरून 150 टक्के केला, तोही याच काळजीपोटी. म्हणून मी सरसकट लिमिट वाढवा असे म्हणत नाही. पण धोका बाकी पुढे ढकलण्यात आहे. दर महिन्याला पूर्ण बिल भरणारा आणि किमान रक्कम भरून दिवस ढकलणारा, हे दोघे एका टक्केवारीत मोजले जातात, आणि माझा विरोध त्याला आहे. दुसरा आक्षेप आकडेशास्त्राचा: ज्यांचा वापर जास्त, त्यांच्यात कर्ज थकवणारे जास्त निघतात. सरासरीने ते खरेच असेल. पण सरासरीत छोट्या लिमिटचा नियमित ग्राहक झाकला जातो, आणि नेमके त्यालाच पुढच्या कर्जाची गरज असते. तिसरा सल्ला कार्डच नको, असा. मग रिपोर्टमध्ये काहीच इतिहास राहत नाही. इतिहास नाही एवढ्याच कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आहे खरे, पण कोऱ्या रिपोर्टवर चांगला दर मागता येत नाही.

ग्राहकाला आज करता येण्यासारखे थोडे आहे, पण ते उपयोगी आहे. बिल निघण्याआधीच मोठी रक्कम भरून टाकावी, म्हणजे नोंद लहान होते. वापराचा डाग कर्ज थकवल्यासारखा वर्षानुवर्षे राहत नाही, बाकी उतरली की टक्केवारीही उतरते. त्यामुळे घरासाठी अर्ज करण्याआधीचे दोन-तीन महिने तरी ही काळजी घ्यावी. लिमिट हवी म्हणून एकामागून एक नव्या कार्डांचे अर्ज करू नयेत, प्रत्येक चौकशीची नोंद होते. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. त्यात लिमिट जुनी किंवा चुकीची दिसली तर तक्रार करावी. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे.

बाकीचे काम नियामकाचे आहे. ग्राहकाच्या संमतीशिवाय लिमिट वाढवायची नाही आणि कार्डाचा अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचे, हा नियम 2022 च्या निर्देशांपासून आहेच. तोच न्याय लिमिट वाढवून मागणाऱ्यालाही मिळायला हवा. वर्षभर पूर्ण बिल भरणाऱ्याने अर्ज केला, तर बँकेने ठराविक दिवसांत लिमिट वाढवावी किंवा नकाराचे कारण लिहून द्यावे. आणि बिल किती आले, त्यातले किती भरले, हे दोन्ही आकडे दर महिन्याला रिपोर्टमध्ये यावेत आणि गुण काढताना धरले जावेत. ठेवीच्या तारणावरच्या कार्डांपासून याची सुरुवात करता येईल, कारण तिथे बँकेला गमवायचे जवळपास काहीच नाही.