फ्लॅट नको, ओटा द्या



‘ज्येष्ठांसाठी मंचर-नारायणगावला स्वस्त फ्लॅट बांधा’ हे पत्र वाचले. हेतू चांगला, पण भाताची खाचरं सोडून तिसऱ्या मजल्यावर राहायला येणार कोण? लिफ्ट बंद पडली की म्हातारी कोंडलीच!

आमच्या तालुक्यातले माळीण गाव आठवा. ३० जुलै २०१४ ला दरडीखाली १५१ जीव गेले. वाचलेल्यांना आमडे येथे नवी घरे मिळायला एप्रिल २०१७ उजाडला, आणि पहिल्याच पावसात तक्रारी सुरू झाल्या. म्हणजे आधी जमीन तपासा, मग विटा मोजा.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. त्यात सून, नातवंडे, कणगी आणि सासू! (शेळीचे तर नावच नको.) ज्येष्ठांच्या नावाने खर्च करायचाच असेल, तर याच घरकुलांना एक खोली, धरायला कठडा असलेले न्हाणीघर आणि ओटा जोडून द्यावा.

— एक वाचक, घोडेगाव (ता. आंबेगाव)