माल किती दिवस पडून राहतो?

ईद झाली की आपल्या वस्त्यांमध्ये दुकानांच्या पाट्या बदलू लागतात. मुंब्रा असो, भिवंडी असो, मिरज असो की चिपळूण, चित्र एकच. गेल्या वर्षी जिथे मोबाईल कव्हरचं दुकान होतं तिथे आता शवर्मा मिळतो, शवर्मावाल्याच्या जागी अत्तर-टोपीचं शोरूम येतंय, आणि कोपऱ्यावरच्या ‘मेन्स वेअर’च्या शटरवर ‘गाळा भाड्याने देणे आहे’ असा कागद चिकटवलेला आहे. त्यात कुणाची कुवेतमधली आठ वर्षांची बचत गेलेली असते, कुणाच्या अम्मीच्या बांगड्या, कुणाच्या अब्बांचा प्रॉव्हिडंट फंड. लोक म्हणतात, नशीब. किंवा म्हणतात, बरकत नव्हती. वही उघडून बघायला मात्र कुणी तयार नसतं.

आज त्या वहीबद्दलच बोलायचं आहे.

सच्चर समितीचा २००६ चा अहवाल आपण सभांमधून पुष्कळ वापरला, पण बहुतेक वेळा नोकऱ्या आणि शिक्षणापुरता. त्याच अहवालात असंही आहे की मुस्लिमांमध्ये स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि बँकांच्या कर्जात त्यांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने कमी आहे. म्हणजे आपली असंख्य घरं दुकान, हातगाडी आणि कारखान्यावर चालतात, आणि तीही बहुतेक घरच्या पैशावर. अशा समाजात दुकान का चालतं आणि का बुडतं हा काही फक्त व्यापाऱ्यांचा प्रश्न नाही. शिष्यवृत्तीइतकाच तो सार्वजनिक आहे.

मग यशस्वी दुकानदारीचं उदाहरण घ्यायचं कुणाचं? लांब जायला नको. डी-मार्टमध्ये आपण सगळेच जातो, रांगेत उभे राहतो, आणि रांगेला शिव्याही देतो. राधाकिशन दमाणी यांची गोष्ट यूट्यूबवर ‘शेअर बाजारातला जादूगार’ म्हणून सांगितली जाते. मला त्यातला सगळ्यात कामाचा भाग तिथे क्वचितच ऐकायला मिळतो. स्वतःचं दुकान काढण्याआधी या माणसाने नेरुळला अपना बाजारची फ्रँचायझी घेऊन चालवली. मुंबईच्या कामगारांच्या सहकारी चळवळीतून उभी राहिलेली ही संस्था. शेअर बाजारात नाव कमावलेला माणूस तिथे डाळ-साबणाचा धंदा शिकत होता. त्यानंतर २००२ मध्ये पवईत पहिलं डी-मार्ट उघडलं. २०१७ च्या मार्चमध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा तिची दुकानं होती १३१. पंधरा वर्षांत १३१, आणि तीही मुख्यतः महाराष्ट्र-गुजरात आणि आजूबाजूच्या राज्यांत. २०२५ च्या मार्चअखेर हा आकडा ४१५ झाला.

या दुकानांत सजावट फारशी नाही, मॉलमधली जागा नाही, आणि निम्म्या-पाऊण वस्तू तुमच्या गल्लीतल्या दुकानात मिळतात त्याच आहेत. मग चालतं कशावर?

दोन आकड्यांवर. पहिला, माल किती दिवसांत विकला जातो. डी-मार्टचा माल साधारण महिनाभरात फिरतो. याचा अर्थ समजण्यासाठी एक साधं गणित करू. समजा तुम्ही एक लाखाचा माल भरला. त्यावर १० टक्केच नफा ठेवला, पण माल दर महिन्याला संपून नव्याने भरला गेला. वर्षाला हातात आले एक लाख वीस हजार. शेजारच्या दुकानदाराने त्याच एक लाखाचा माल ३० टक्के नफ्याने लावला, पण तो वर्षातून दोनदाच फिरला. त्याला मिळाले साठ हजार. गल्लीत सगळे म्हणतील की शेजाऱ्याच्या धंद्यात ‘मार्जिन’ आहे. भाडं, वीज, पोराचा पगार मात्र दोघांचा सारखाच. अत्तराच्या दुकानात नफा दिसायला मोठा आणि पावाच्या बेकरीत चिल्लर. पण पाव सकाळी भट्टीतून निघतो आणि दुपारी त्याचे पैसे गल्ल्यात असतात. आपल्या मोहल्ल्यांत बेकऱ्या पिढ्यान् पिढ्या टिकल्या त्यात या वेगाचा वाटा मोठा आहे.

दुसरा आकडा, पुरवठादाराचे पैसे किती दिवसांत दिले जातात. इथे डी-मार्टने मोठ्या साखळ्यांच्या उलट चाल खेळली. मोठं दुकान म्हटलं की पुरवठादाराला महिना-दीड महिना लटकवायचं, हीच सर्वसाधारण रीत. डी-मार्टने आठ-दहा दिवसांत पैसे देण्याचा शिरस्ता पाडला. बदल्यात माल स्वस्त मिळाला आणि टंचाईच्या दिवसांत आधी मिळाला. हे परोपकारासाठी नव्हतं. समजा एखादा घाऊक व्यापारी म्हणाला, तीस दिवसांऐवजी दहा दिवसांत पैसे दे, दोन टक्के सूट देतो. वीस दिवसांसाठी दोन टक्के म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांच्या आसपास. इतकं कुठलीही भिशी देत नाही. आणि आपली पोरं मस्जिद बंदरच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या व्यापाऱ्याला ‘पुढच्या हप्त्यात देतो भाई’ म्हणून टाळतात आणि त्या पैशातून दुकानाला एलईडीची पाटी लावतात.

आता उलट बाजू. चेन्नईत १९९७ मध्ये सुभिक्षा सुरू झाली. चालवणारे आर. सुब्रमण्यन आयआयटी मद्रास आणि आयआयएम अहमदाबादचे. स्वस्त किराणा, औषधं, भाजी, पुढे मोबाईल. २००८ पर्यंत सोळाशेच्या घरात दुकानं, त्यातली बहुतेक शेवटच्या दोन-अडीच वर्षांत उघडलेली. २००९ च्या सुरुवातीला पैसा आटला आणि साखळीच्या साखळी बंद पडली. फळ्यांवर माल नाही, कामगारांना पगार नाही, घरमालकांना भाडं नाही. गिऱ्हाईक तर होतंच. नव्या दुकानांसाठी उधारीवर धावणारी गाडी उधारी थांबताच थांबली.

बिग बझारचं आणखी जवळून पाहिलेलं. २००१ मध्ये काही आठवड्यांच्या आत कोलकाता, हैदराबाद, बंगळूरला दुकानं उघडून किशोर बियाणी यांनी भारतीय गिऱ्हाइकाची नस पकडली होती. २६ जानेवारीच्या सेलला लागलेल्या रांगा आपल्याला आठवतात. पण कर्ज वाढत गेलं, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विक्री थांबली, भाडी मात्र थांबली नाहीत. रिलायन्सला धंदा विकायचा २४,७१३ कोटींचा करार ऑगस्ट २०२० मध्ये झाला, ॲमेझॉनने त्याला कायदेशीर आव्हान दिलं. तोवर अनेक दुकानांचे भाडेकरार रिलायन्सने आपल्या नावावर करून घेतले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने ती दुकानं ताब्यात घेतली. जुलैत फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एवढी मोठी कंपनी, आणि शेवटी प्रश्न आला तो कुठल्याही गल्लीतल्या दुकानदाराचा: गाळा कुणाच्या नावावर आहे?

याच प्रश्नाने अमेरिकेत सॅम वॉल्टनलाही रडवलं होतं. सैन्यातून परतल्यावर १९४५ मध्ये त्याने आर्कान्सा राज्यातल्या न्यूपोर्ट गावात एक फ्रँचायझी दुकान घेतलं. पाच हजार डॉलर स्वतःचे, वीस हजार सासऱ्यांकडून उसने. तिथे त्याने मालाच्या फिरतीचं गणित स्वतः शोधलं. बायकांच्या आतल्या कपड्यांचा एक प्रकार कंपनीकडून अडीच डॉलर डझन पडायचा. त्याने न्यूयॉर्कचा एक दलाल गाठून दोन डॉलर डझनाने आणला आणि डॉलरला तीनऐवजी चार विकले. नगामागे नफा घटला, खप कितीतरी वाढला. पाच वर्षांत दुकान परिसरात पहिलं आलं. पण भाडेकरारात मुदतवाढीचं कलमच नव्हतं. मालकाने करार वाढवायला नकार दिला, कारण चालतं दुकान त्याला आपल्या मुलासाठी हवं होतं. वॉल्टन बायकापोरांना घेऊन बेंटनव्हिलला गेला. तिथे दुकान वाढवायला शेजारची न्हाव्याच्या दुकानाची जागा लागली, तेव्हा तिचा करार केला ९९ वर्षांचा. पहिलं वॉलमार्ट त्यानंतर बारा वर्षांनी, १९६२ मध्ये.

आपल्याकडे गाळा घेताना काय होतं? डिपॉझिट रोख, भाडं तोंडी, आणि ‘कागद नंतर करू, आपलेच आहेत’. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे. तो मागितला तर मालकाला राग येतो म्हणून कुणी मागत नाही. आणि चार लाखांचं फर्निचर अशा जागेत ठोकलं जातं जिथून अकरा महिन्यांनी निघायला सांगितलं तर फक्त पंखे काढून नेता येतात. मुदतवाढ कशी होईल, भाडं दरवर्षी किती टक्के वाढेल, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, ही तीन वाक्यं करारात नसतील तर इंटिरिअरवाल्याला फोन करू नका.

‘दमाणींकडे पैसा होता, आमच्याकडे दोन लाख आहेत,’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. जागा विकत घेणं, लांब मुदतीचे करार करणं, घाई न करता थांबणं हे त्यांना परवडलं. पण पैसा तर बिग बझारकडेही आला होता. दोन लाखवाल्याला उलट जास्त शिस्त लागते, कारण त्याचे पन्नास हजार न विकल्या जाणाऱ्या मालात अडकले की पाव भांडवल गोठलं.

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे दुकान काढणारी मुलं मला बहुधा ॲपबद्दल विचारतात. मी सांगतो, आधी सहा महिने वही ठेवा. कुठला माल कधी आला, कधी संपला, उधारी कुणाकडे किती, आणि घरी भाजीसाठी गल्ल्यातून किती उचलले. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त रिकामा. घरातल्या बायका खर्चाचा हिशेब पैशापैशाचा ठेवतात. दुकानाची वही त्यांच्याकडे का नसते, हे मला आजवर कळलेलं नाही.

आपल्या बाजाराची एक गंमत कुठल्याही तयार सॉफ्टवेअरला कळत नाही. ते गेल्या मार्चची तुलना या मार्चशी करतं. पण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. कपडे, खजूर, शेवया, चपला यांचा हिशेब ईदशी ईद लावून करावा लागतो, आणि तरीही ऋतू बदललेला असतो. मे महिन्यातल्या ईदला खपलेला सुती कुर्ता जानेवारीतल्या ईदला तितका खपेलच असं नाही. २०३० मध्ये तर रमजान एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरच्या शेवटी. ईदनंतर पडून राहणारा माल हे आपल्या कापड दुकानांचं जुनं दुखणं आहे. चांदरातीची गर्दी बघून माणूस खूश होतो; खरा हिशेब ईदनंतर पंधराव्या दिवशी मागच्या खोलीतले गठ्ठे मोजल्यावर कळतो.

राहिला मोहल्ल्याचा प्रश्न. शहराच्या दुसऱ्या भागात गाळा मागायला गेलं की नाव ऐकून ‘आत्ताच दिला’ असं उत्तर मिळतं, हा अनुभव आपल्यातल्या पुष्कळांचा आहे. मुस्लिम दुकानदारांकडून खरेदी करू नका, असे संदेशही फिरतात. हा अन्याय आहे आणि त्याच्याशी कायद्याने आणि समाजात लढावंच लागेल. पण तोवर वहीत त्याचा परिणाम दिसतो तो असा: तेच गिऱ्हाईक, त्याच चार गल्ल्या, आणि एकाच मालाची सात दुकानं. सातही जण वेगवेगळे टेम्पो करून त्याच व्यापाऱ्याकडून तोच माल महाग आणतात आणि मग एकमेकांचे भाव पाडतात.

यावर उपाय जुना आहे. १९३२ मध्ये नेदरलँड्समधल्या छोट्या किराणा दुकानदारांनी आणि घाऊक व्यापाऱ्यांनी मिळून एकत्र खरेदीसाठी एक जूट बांधली, तीच आजची ‘स्पार’. दुकान ज्याचं त्याचं, खरेदी सगळ्यांची. आपल्याकडे सहकारी संस्थांची परंपरा त्याहून जुनी आहे. अपना बाजार त्याच परंपरेतला. सात दुकानदारांनी निदान तेल, साखर, तांदूळ आणि साबण या चार वस्तूंची खरेदी एकत्र करून रोख पैशात भाव मागून बघावा. भांडण होईल ते विश्वासावरून: पैसे कोण ठेवणार, माल आधी कुणाकडे उतरणार. म्हणून खातं दोघांच्या सहीचं, पावती प्रत्येकाच्या फोनवर, आणि पहिले तीन महिने एकच वस्तू. आपल्या शहरातल्या शाखांमध्ये हिशेब येणारी, बी.कॉम. झालेली आणि काम शोधणारी मुलं-मुली आहेत. सात दुकानांची एक वही त्यांच्यातल्या एकीला ठेवायला सांगा, आणि तिचा पगार वाचलेल्या टेम्पोभाड्यातून द्या.