सुटीचा कागद

बेळगाव शहराच्या पश्चिमेस, राकसकोप धरणाच्या बाजूला बेळगुंदी हे गाव आहे. भाताचे आणि रताळ्यांचे गाव, शिवाय मराठी साहित्य संमेलन भरविणारे गाव म्हणून आमच्या वाचकांस ते परिचित असेल. अशा गावातील एखाद्या घरी अपुऱ्या दिवसांचे, जेमतेम दीड किलो वजनाचे मूल महिना-दीड महिना काचेच्या पेटीत काढून परत येते, तेव्हा शेजारणी जमतात, भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो आणि संकट टळले असे सर्वांस वाटते. वस्तुतः त्या घटकेस परिचारिकांच्या हातचे काम आईच्या हाती आलेले असते. ते तिला कोणी शिकविले आहे काय, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

ही आमची निव्वळ शंका नव्हे. जन्मतः न रडणाऱ्या अर्भकास श्वास घेण्यास साहाय्य कसे करावे, याचे शिक्षण सुमारे सहाशे प्रसूतिसेवकांस देऊन बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी त्याचा परिणाम तपासला व २०१३ साली प्रसिद्ध केला. मृत जन्मांचे प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले, ही मोठीच गोष्ट होय. परंतु पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण आधी १.८ टक्के होते, ते नंतर १.९ टक्के राहिले. आणि सुटी होण्यापूर्वीचे मृत्यू दोन्ही काळांत अवघे ०.१ टक्का होते. या आकड्यांस एकच कारण चिकटविणे योग्य होणार नाही. तथापि प्रसूतीची खोली सुधारली तरी त्यापुढचे दिवस सुधारतातच असे नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

ते दिवस सुधारता येतात, हे गडचिरोलीने दाखविले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ खेड्यांत गावच्याच स्त्रियांस नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली, आणि तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापले. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत देशभर स्वीकारली. दवाखान्यात जन्मलेल्या मुलाच्या घरी आशा कार्यकर्तीने बेचाळीस दिवसांत सहा वेळा जावे, असा नियम झाला. त्याच वर्षी आजारी अर्भकास सरकारी दवाखान्यात फुकट औषधोपचार व घरी पोहोचविण्यास फुकट वाहन देण्याची योजनाही आली. म्हणजे कागदावर फारसे उणे नाही.

उणे आहे ते आईच्या शिक्षणात. अशा मुलास पाजणे हेच एक शास्त्र आहे. अंगावर ओढण्याची ताकद नसते, म्हणून दूध पिळून वाटी-चमच्याने अथवा बोंडल्याने पाजावे लागते, आणि ते बोंडले दर वेळी उकळावे लागते. मूल गार पडू देता कामा नये. येथे घरच्या आजीचे व डॉक्टरांचे मत एकच असते, वाद होतो तो शेगडीपाशी. बाळंतिणीच्या खोलीत निखारे आणि धुरी हवीच, असा आमच्याकडचा जुना रिवाज. त्यामागे ऊब देण्याचीच बुद्धी आहे, तिचा उपहास आम्ही करणार नाही. परंतु अपुऱ्या वाढीच्या फुप्फुसांस धूर सोसत नाही. ऊब द्यावयाची ती आईने मूल उघड्या छातीशी बांधून. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा १९७८ च्या सुमारास तेथील डॉक्टरांनी काढलेली ही युक्ती आज जगभर मान्य झाली आहे. आजीला नुसते ‘शेगडी काढा’ असे दरडावण्यापेक्षा तिच्याही छातीशी नातवंड बांधावे. मग ती धुरीची आठवण काढणार नाही, असा आमचा कयास आहे.

मुलाने दूध सोडले, हातपाय गार पडले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा श्वास मिनिटाला साठ वा अधिक झाला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावयाचा. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावयाचे; ती तारीख चुकली तर कायमचे अंधत्व येण्याचा धोका असतो.

हे सारे सुटीच्या कागदावर लिहिलेले असतेही. मात्र तो कागद बहुधा इंग्रजीत असतो, तोंडी सूचना कन्नड-मराठीच्या मिश्रणात घाईघाईने दिल्या जातात, आणि बेळगुंदीची सून मान हलवून निघते. ज्या तालुक्यात पंधरा टक्क्यांहून अधिक लोक एखादी भाषा बोलतात, तेथे महत्त्वाची सरकारी पत्रके त्या भाषेतही काढावीत, हे तत्त्व १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेनेच मान्य केले आहे. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागेल; मुलाच्या श्वासाने त्याची वाट का पाहावी? कन्नड मातेस कन्नड कागद मिळावा आणि मराठी मातेस मराठी, यात कोणाचा पराभव आहे?

दुसरी अडचण सीमेचीच, पण अधिक घरगुती आहे. पहिलटकरीण माहेरी जाते. बेळगुंदीच्या सुनेचे माहेर चंदगडात, कोल्हापूर जिल्ह्यात असते, तर बेळगुंदीची लेक गोव्यात दिलेली असते. बाळंतपण एका राज्यात, काचेची पेटी दुसऱ्यात, आणि सुटीनंतर मूल तिसऱ्याच घरी. अशा वेळी कोणत्या गावच्या आशाताईने त्याचे वजन करावयाचे? दोन्हीकडच्या यादीत नाव नाही, असे मूल सीमाभागात सहज निपजते.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. सुटीपूर्वी निदान दोन दिवस आईने, आणि शक्य तर आजीनेही, परिचारिकेच्या देखत सारे स्वतःच्या हाताने करावे. कागद तिच्या भाषेत असावा व तो तिच्याकडून वाचवून घ्यावा. आणि मूल ज्या घरी जाणार तेथील आशाताईस, ती कर्नाटकातील असो, महाराष्ट्रातील असो वा गोव्यातील, रुग्णालयाने त्याच दिवशी दूरध्वनी करावा. बेळगाव, कोल्हापूर व गोवा येथील आरोग्य अधिकाऱ्यांनी आपापल्या आशाताईंच्या याद्या एकमेकांस देण्यास कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही. सीमेवरील पाऊस जूनमध्ये सुरू होतो. त्यापूर्वी हे काम व्हावे.