विश्लेषण : कबड्डीत आठवा खेळाडू का हवा? ‘पुणेरी पलटण’पासून हट्ट्यापर्यंत राखीव फळीचा प्रश्न

कबड्डीचा संघ सात जणांचा, असे आपण सहज म्हणतो. नियमाने तो बारा जणांचा असतो. सात मैदानात आणि पाच बाकावर. या पाच जणांची आठवण बहुतेक वेळा एखाद्याचा गुडघा फिरल्यावरच येते. व्यावसायिक संघांना हा प्रश्न कोट्यवधी रुपये खर्चूनही सुटत नाही. मग वसमत तालुक्यातील हट्ट्यासारख्या गावाच्या संघाने काय करावे? उत्तर पैशांत कमी आणि सवयींत जास्त आहे.

राखीव फळी म्हणजे नेमके काय?

बाकावर पाच जण बसले म्हणजे राखीव फळी तयार झाली, असे नाही. कबड्डीत प्रत्येक जागेचे काम वेगळे असते. डावा कोपरा सांभाळणारा चढाईपटूच्या घोट्यावर झेप घेतो, मध्यरक्षक त्याला धडक देऊन किंवा साखळी करून रोखतो, मुख्य चढाईपटू गुण आणतो. राखीव पाचही जण चढाईपटू असतील आणि दुखापत कोपरारक्षकाला झाली, तर त्या पाचांचा उपयोग काय? शिवाय बाद झालेल्या खेळाडूच्या जागी राखीव खेळाडू उतरवता येत नाही. बदल करायचा तो मैदानात असलेल्या खेळाडूच्या जागी. त्यामुळे कोणाला कधी उतरवायचे, हे आधीच ठरलेले असावे लागते. ऐनवेळी ‘तू जा रे’ म्हणून भागत नाही.

रब्बीच्या हंगामात डीपी जळाली की काय होते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. दुसरी मिळेपर्यंत पीक थांबत नाही. अभियांत्रिकीत म्हणूनच महत्त्वाच्या यंत्राला पर्यायी यंत्र ठेवतात आणि ते अधूनमधून चालवूनही बघतात. वर्षभर बंद ठेवलेला पंप गरजेच्या दिवशी सुरू होईलच, याची खात्री कोणी देत नाही.

पुणेरी पलटणच्या अनुभवातून काय दिसते?

प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामात, 2022 मध्ये, पुणेरी पलटणचे अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन प्रमुख खेळाडू ऐन बाद फेरीत दुखापतीमुळे बाहेर होते. तरीही उपांत्य सामन्यात पंकज मोहितेच्या चढायांच्या जोरावर पलटणने तमिळ थलायवाजला 39-37 असे हरवले. अंतिम सामन्यात मात्र जयपूर पिंक पँथर्सकडून 33-29 अशी हार पत्करावी लागली. दोन मोहरे नसताना अंतिम फेरी गाठणे ही राखीव फळीची कमाई होती. पुढच्या हंगामात अस्लमच्याच नेतृत्वाखाली पलटणने 1 मार्च 2024 रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे नमवून पहिले विजेतेपद मिळवले.

पण गोष्ट इथे संपत नाही. अकराव्या हंगामाआधी बचावाचा आधार असलेला इराणचा मोहम्मदरेझा शादलुई हरियाणाकडे गेला आणि हंगामाच्या मध्यात अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली. विजेता संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. शादलुईच्या हरियाणाने डिसेंबर 2024 मध्ये पुण्यातच विजेतेपद पटकावले. बाराव्या हंगामात पलटणने पुन्हा अंतिम फेरी गाठली आणि दबंग दिल्लीकडून 31-28 अशी निसटती हार पत्करली. म्हणजे राखीव फळी एकदा तयार केली की कायमची झाली, असे होत नाही. ती दर हंगामात नव्याने बांधावी लागते.

अमेरिकेत 53 खेळाडू असूनही पंचाईत का झाली?

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. त्यात लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट आणि आक्रमण व बचावासाठी अकरा-अकरा जणांचे वेगळे चमू असतात. तिथल्या एनएफएल लीगमध्ये प्रत्येक संघाकडे 53 खेळाडू आणि त्याशिवाय सरावासाठी 16 जणांचा वेगळा गट असतो. साखळी फेरीत 17 सामने. प्रत्येक जागेवर पहिला कोण, दुसरा कोण, याची यादी संघ जाहीर करतात.

एवढे असूनही 29 जानेवारी 2023 रोजी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सची पंचाईत झाली. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू. त्या हंगामात संघाचे पहिले दोन क्वार्टरबॅक आधीच जखमी झाले होते. तिसरा ब्रॉक पर्डी हा त्या वर्षीच्या निवड प्रक्रियेत 262व्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर निवडला गेलेला. त्याने संघाला इथवर आणले होते. त्या सामन्यात त्याच्या कोपराला दुखापत झाली. चौथा जॉश जॉन्सन उतरला, तर त्याच्या डोक्याला मार बसला. शेवटी चेंडू नीट फेकताही न येणाऱ्या पर्डीलाच पुन्हा मैदानात पाठवावे लागले. फिलाडेल्फिया ईगल्सने सामना 31-7 असा जिंकला. त्यानंतर मे 2023 मध्ये लीगने नियम बदलला आणि आणीबाणीसाठी तिसरा क्वार्टरबॅक तयार ठेवण्याची मुभा दिली.

या प्रसंगात दोन्ही धडे आहेत. शेवटच्या क्रमांकाच्या मुलाला संधी मिळाली तेव्हा त्याने संघ तारला आणि नेमक्या एका जागेवर माणूस संपला तेव्हा बाकीचे सगळे हतबल झाले.

गावच्या संघात घोडे कुठे अडते?

हट्टा असो की परिसरातले दुसरे कोणते गाव, यात्रेतल्या किंवा जयंतीनिमित्तच्या कबड्डी स्पर्धेचे चित्र ओळखीचे आहे. पहिले बक्षीस मोठे, म्हणून जिंकण्याची घाई. घाई असली की बाहेरगावचा नावाजलेला चढाईपटू पैसे देऊन आणायचा. तो आला की गावातल्या एका मुलाची जागा जाते आणि वर्षभर सराव केलेला तो मुलगा पाणी देण्याच्या कामाला लागतो. दोन-तीन हंगाम असेच गेले की तो मैदानात येणे बंद करतो. कोणी पोलीस भरतीच्या तयारीला परभणी-नांदेडला जातो, कोणी पुण्यात कंपनीत लागतो. गावाचा संघ पुन्हा त्याच सहा-सात जणांवर येतो.

यात नुकसान फक्त चषकाचे नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. तिथपर्यंतचा रस्ता जिल्हा संघातून जातो आणि जिल्हा संघात निवड होते ती निवड चाचणीत खेळताना दिसलेल्या मुलाची. बाकावरचा मुलगा निवड समितीला दिसणार कसा?

दुसरे नुकसान शरीराचे. बदली खेळाडू नसला की जखमी खेळाडू गुडघ्याला पट्टी बांधून उतरतो. ‘एवढा एक सामना काढ’ असे त्याला सांगणारे आपणच असतो. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर शस्त्रक्रिया, खर्च आणि कित्येक महिने मैदानाबाहेर. तो खर्च आयोजक देत नाहीत, संघही देत नाही. तो मुलाच्या घरावर पडतो.

मग काय करता येईल?

पहिली गोष्ट फुकट आहे. प्रत्येक संघाने कागदावर सात जागा लिहाव्यात आणि प्रत्येक जागेपुढे दुसरे नाव लिहावे. जिथे दुसरे नाव सुचत नाही, तिथे पुढच्या वर्षीचे काम दिसेल. दुसरे, आयोजकांनी बाहेरच्या खेळाडूंवर मर्यादा घालावी. संघात दोनपेक्षा जास्त नकोत. तिसरे, सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रत्येक संघाने किमान दोन राखीव खेळाडूंना एक डाव खेळवावे, अशी अट ठेवावी. चौथे, दुखापत झालेला खेळाडू डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही, हे पंचांनी आधीच जाहीर करावे.

यावर आयोजक म्हणतील, लोक नावाजलेला चढाईपटू बघायला येतात, मर्यादा घातली तर गर्दी होणार नाही. हा आक्षेप खोटा नाही. वर्गणी गर्दीवरच येते. म्हणून बंदी नको, मर्यादा हवी आणि राखीव खेळाडूंची अट उपांत्य फेरीपासून शिथिल करावी. छोट्या गावात बारा मुलेच जमत नाहीत, हीही अडचण खरी आहे. तिथे शेजारच्या दोन गावांनी मिळून एक संघ करायला हरकत नसावी. गावाच्या नावाचा अभिमान थोडा बाजूला ठेवावा लागेल, एवढेच.

यंदाच्या यात्रेची वर्गणी गोळा होईल तेव्हा बक्षिसाच्या रकमेवर चर्चा होईलच. त्याच बैठकीत आठव्या खेळाडूला किती मिनिटे खेळायला मिळणार, हेही ठरवून घ्यावे.