साहेबानी कसूर केली तर साहेबाला पण जेल?

१९८९ च्या पावसाळ्यात आमच्या पाड्यावरच्या एका बाईच्या पेरलेल्या शेतात जमीनदाराच्या माणसांनी नांगर घातला. आम्ही दहा-बारा जण तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. सकाळी गेलो ते दिवे लागेपर्यंत बसवून ठेवलं. शेवटी फौजदारानी एन.सी.चा कागद हातात दिला. म्हणाला, जमिनीचं भांडण आहे, कोर्टात जा.

मग नवा कायदा आला. अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार थांबवायला केंद्र सरकारनी १९८९ साली केलेला कायदा ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. आदिवासीची जमीन बळकावणं, कसणं, त्याला तिथून हुसकावणं हा त्यात गुन्हा आहे. आणि कलम ४ म्हणतं, या कायद्याखालचं काम सरकारी नोकरानी जाणूनबुजून टाळलं तर त्याला कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष कैद.

सभेत हे वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. पण भावांनो, बायांनो, टाळ्या जरा थांबवा. साहेबाचं काम नेमकं कोणतं? तपास कोणी करायचा, किती दिवसांत करायचा, ते नियमात येणार होतं, आणि १९९० साली नियम आलेले नव्हते; ते १९९५ साली आले. तोवर नांगर होता, फाळ नव्हता. वर ‘जाणूनबुजून’ हा शब्द. साहेब म्हणेल, जीप नव्हती. (जमीनदाराकडे जेवायला जायला जीप असते.) आणि साहेब स्वतः आदिवासी असला तर हे कलम त्याला लागतच नाही! आपल्यातला माणूस खुर्चीत बसला की कसूर करत नाही, असं दिल्लीवाल्यांना वाटलं असेल.

जमिनी परत देण्याचा कायदा १ नोव्हेंबर १९७५ ला लागू झाला. ताबा किती जणांना मिळाला ते आपापल्या पाड्यावर मोजा. म्हणून १९९० च्या मोर्चात नियमांची मागणी पहिली पाहिजे, असं आमचं मत होतं.

तक्रार नुसती तोंडी सांगून येऊ नका. लिहून द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्का घ्या. तक्रार घेतली नाही तर तीच पोस्टानी जिल्ह्याच्या पोलीस सुपरिंटेंडंटला पाठवा, पावती जपा. ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणणाऱ्याला ती दाखवता येते.

त्या बाईचा मागचा गुन्हा या कायद्यात बसत नाही, तेव्हा तो लागू नव्हता. पण पाऊस पडला की नांगर परत येणार. कार्बन पेपर आम्ही आणून ठेवलाय.